फायनान्सचा हप्ता आणि सातबारा नसलेल्या बायका

महाराष्ट्रात २०१७ ला कर्जमाफी झाली, दीड लाखापर्यंत, मग २०१९ च्या डिसेंबरात परत झाली, दोन लाखांपर्यंत, आणि दोन्ही वेळा माफ झालं ते शेतीचं कर्ज. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन त्याचं. शेतमजूर बाई, वस्तीतली भूमिहीन दलित नाहीतर पारधी बाई मायक्रोफायनान्स कंपन्यांचं, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचं, जे गटाचं कर्ज डोक्यावर घेऊन फिरते ते या हिशोबात कुठंच नव्हतं, आणि याबद्दल कोणी फार बोललंही नाही.

पूर्वी असं नव्हतं बरं का. १९७५ चा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा बघा, त्यात अल्पभूधारकाबरोबर भूमिहीन मजूर आणि गावातले कारागीरही होते, सावकाराचं कर्ज रद्द आणि गहाण टाकलेली वस्तू परत. सावकार कोर्टात गेले, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. बँकांचं कर्ज मात्र तेव्हाही बाहेरच ठेवलं होतं.

पुढे १९९२ ला नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण कर्जासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. बायकांनी आधी स्वतःची बचत करायची, आपसात फिरवायची, मग बँक कर्ज देणार, हे खरंच चांगलं होतं. त्याच सुमारास बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर दुसरी पद्धत आली, त्यात बचत नाही, थेट कर्ज, पाच-सहा बायकांचा ग्रुप आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. तारण काही नाही म्हणतात, पण शेजारीण हेच तारण. मीटिंग कोणाच्या तरी अंगणात भरते, सगळ्या ओळीत बसतात, लोन कार्ड पुढे, आणि एकीचे पैसे कमी पडले की कोणी उठायचं नाही, मजुरीचा खाडा झाला तरी. मग वसुलीला आलेल्या कंपनीच्या साहेबाला काही बोलावंच लागत नाही, बायकाच तिला बोलतात. गावात आधीच जी खालच्या आळीत राहते तिला चारचौघींत असं उभं करणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आंध्रात हे सगळ्यात आधी फुटलं. २००६ ला कृष्णा जिल्ह्यात कलेक्टरने कंपन्यांच्या शाखांना कुलपं लावली, तरी धंदा वाढतच गेला, एकेका घरात चार-चार कंपन्यांची कर्जं, एकीचं फेडायला दुसरीचं. २०१० च्या ऑगस्टमध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स शेअर बाजारात उतरली, शेअर ९८५ रुपयांना विकला, आणि दोनच महिन्यांत वसुलीच्या जाचामुळे आत्महत्या झाल्याच्या बातम्यांनंतर आंध्र सरकारने वटहुकूम काढला. मग रिझर्व्ह बँकेने नेमलेली मालेगाम समिती, २०११ चा अहवाल, व्याजाला २४ टक्क्यांची मर्यादा (रिझर्व्ह बँकेने ती २६ केली) आणि एका बाईला दोनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज द्यायचं नाही अशी शिफारस. फ्लॅट व्याज सांगून फसवणं तेव्हा सर्रास चालायचं, हप्त्याहप्त्याने मुद्दल कमी होत जातं पण व्याज पूर्ण रकमेवर, म्हणजे सांगितलेल्या दराच्या जवळपास दुप्पट पडतं.

२०२२ ला रिझर्व्ह बँकेने नवे नियम आणले. व्याजाची मर्यादा गेली, दोन कंपन्यांची अटही गेली, त्याऐवजी घराचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे नकोत असं ठरलं. पण मजुरी करणाऱ्या घराचं उत्पन्न कागदावर कोण लिहितं? कर्ज देणाराच. वसुलीबद्दल नियम चांगले आहेत, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, म्हणजे आपला २०१४ चा सावकारी कायदाही इथं कामाचा नाही. कर्नाटकने २०२५ च्या फेब्रुवारीत वटहुकूम आणला तो जबरदस्तीच्या वसुलीवर बेतलेला, १० वर्षांपर्यंत शिक्षा.

इथल्या बाईकडे राहतं ते लोन कार्ड. ते तिला समजेल त्या भाषेत असायला हवं, त्यावर तक्रारीचा नंबर असायला हवा, हा तिचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार घेऊन जायला पैसे लागत नाहीत, पण आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, आणि हप्ता आठवड्याचा असेल तर तेवढ्यात चार मीटिंगा होतात, त्याच ग्रुपसमोर.