डायलिसिसचं पथ्य संपलं, डबा बदलला
(किडनी प्रत्यारोपण झालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

ऑपरेशननंतर डबा पुन्हा सुरू करताना घरचे हमखास सांगतात, "भाज्या उकळून पाणी काढा, वरण पातळच द्या." नवी किडनी नीट चालू लागली की यातलं बरंच बदलतं. जखम भरून येईपर्यंत प्रथिनं जास्त लागतात, म्हणून या डब्यात घट्ट वरण आणि पनीर किंवा पूर्ण उकडलेलं अंडं असतं. पाणीही बहुतेकांना आता भरपूर प्यायला सांगतात. किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पोटॅशियमचं मात्र रिपोर्ट बघूनच ठरवू, कारण टॅक्रोलिमसमुळे (प्रतिकारशक्ती दाबणारी तुमची गोळी) ते वाढू शकतं. ताजा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा. 'लो सोडियम' मीठ घरात आणू नका, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं.

पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. त्यांनी टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते किडनीलाच बाधतं. गावाहून कोणी प्रेमाने आणलं तरी नाही. गुळवेलीचा काढाही नको. तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नव्या किडनीवरच उठेल. आणि हा काढा तर ती वाढवायलाच देतात! याच दाबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे आम्ही सुरुवातीचे महिने कच्ची कोशिंबीर देत नाही, मटकीही पूर्ण शिजवूनच. दुपारचं उरलेलं रात्री खाऊ नका.

स्टिरॉइडने भूक खवळते, साखर चढू शकते. म्हणून डब्यात गोड नसतं. (पुरणपोळीवरून आमच्याशी भांडून झालंय काहींचं.)

चालणं हॉस्पिटलमध्येच सुरू होतं. घरी सपाट जागी, बोलता येईल इतक्या वेगाने, थोडं थोडं वाढवत चाला. नवी किडनी पाठीकडे नसते, पुढे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. तिला बरगड्यांची आड नाही. साधारण ६ ते ८ आठवडे भरलेली बादली, सिलिंडर, नातवंडं काहीच उचलू नका. सूर्यनमस्कार सर्जनना विचारून. कुस्ती-कबड्डी पुढेही टाळलेली बरी. अंग दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, किडनीला त्रास होतो.

ताप आला, लघवी कमी झाली, वजन एकदम वाढलं किंवा किडनीच्या जागी दुखू लागलं, तर लगेच प्रत्यारोपण केंद्राला फोन करा.

टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची असते. त्या दिवशी नाश्ता उशिरा हवा असेल तर आदल्या रात्री कळवा.