बोहाड्याचे मुखवटे भुते पळवण्यासाठी नसतात

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-पेठ तालुक्यांकडच्या बोहाड्यातील, म्हणजे देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या आदिवासी उत्सवातील, मुखवटे भुतेखेते पळवून लावण्यासाठी चढवतात, ही नाशिक शहरात ऐकू येणारी जुनी समजूत चुकीची आहे. संबळाच्या ठेक्यावर आणि पिपाणीच्या सुरावर गणपती-सरस्वतीपासून रावण-नरसिंहापर्यंतची जी सोंगे रात्री नाचत येतात, ती पुराणकथा गावापुढे उभ्या करतात; उग्रपणा असतो तो त्या-त्या पात्राचा. इंडोनेशियातील बालीच्या नृत्यनाट्यातला बारोंग हा सिंहासारखा प्राणीही सुळे दाखवतो, पण तो रक्षणकर्ता मानला जातो. जपानी नो नाट्यातला लाकडी मुखवटा तर किंचित वर केला की उजळल्यासारखा आणि खाली झुकवला की खिन्न भासतो. लाकूड तेच, बदलते फक्त त्यावर पडणारी सावली. मुखवट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या छाऊ नृत्याच्या ओडिशातील मयूरभंज शैलीत, गंमत म्हणजे, मुखवटाच नसतो.