माल चढ-उताराची जागा (कोकण किनारा)

रस्त्याच्या कडेला केवळ माल चढवण्या-उतरवण्यासाठी राखलेली जागा. बाजारात हिला ‘लोडिंगची जागा’ म्हणतात. नियमाचे सार एवढेच, की माल हलत असेपर्यंत गाडी उभी राहील आणि शेवटचे पोते उतरले की निघेल. टेम्पो लावून ड्रायव्हर चहाला गेला की ते पार्किंग झाले.

कोकणातल्या जुन्या पेठांत अशी जागा पट्टे मारून काढून देणे कठीणच. रत्नागिरीच्या रामआळीसारख्या ठिकाणी दुकानाची पायरी उतरली की पाय रस्त्यावर. मग जागेऐवजी वेळ राखावी लागते. गिऱ्हाईक यायच्या आत, सकाळीच ‘छोटा हत्ती’ म्हणजे लहान टेम्पो रिव्हर्समध्ये आळीत शिरतो, त्याचा मागचा फाळका पडतो, हमाल डोक्यावर चुंबळ ठेवून पोती आत नेतात आणि मागची रिक्षा हॉर्न वाजवत राहते. काही शहरांत सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याची बाजूही बदलते. पाटी न वाचणाऱ्याला ती दंडाच्या पावतीवरूनच कळते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने कुठे उभी राहतील ते स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवले जाते. कलम ११५ खाली ठरावीक वाहनांना बंदी घालता येते. लाल कडेच्या निळ्या गोल पाटीवर एक तिरपी रेघ असेल तर पार्किंगला मनाई, फुली असेल तर थांबायलाही. तिथे पाच पेट्या उतरवायच्या होत्या ही सबब चालत नाही. कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. हमालांच्या कामाचे नियमन १९६९ च्या माथाडी कायद्याने होते.

कोकणात या गर्दीला हंगाम असतो. मार्च ते मे हापूसच्या पेट्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडची बर्फाची आणि मासळीची वाहने १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत रोडावतात. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. दूध, भाजीपाला, इंधन यांना सहसा सूट मिळते. किराणा आणि सजावटीचा माल मात्र त्याआधीच भरून ठेवावा लागतो. त्यामुळे पेठेतली खरी कोंडी बंदी सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात होते, आणि ताडपत्रीखालून पाऊस चुकवत माल उतरवताना सकाळची वेळ हमखास दुपारपर्यंत लांबते.