कॅफीन नाही, मग तरतरी कशाची?

भाचा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, अक्कलकोट रोडला. परवा येताना हर्बल एनर्जी ड्रिंकचा कॅन घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, यात कॅफीन नाही, तरी झोप उडते, पिऊन बघ की." प्यायले. लिंबू, आलं, तुळस, अश्वगंधा, ब जीवनसत्त्वं आणि बऱ्यापैकी साखर. चव छान होती, सोलापूरच्या उन्हाळ्यात गारेगार काहीही घशाखाली गेलं की बरं वाटतंच. पण कॅफीन नसताना झोप उडते हे काही डोक्यातून जाईना, कारण कॅफीन मेंदूत जे करतं ते इतकं खास आहे की त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून काढणं सोपं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे कॅफीन ताकद देतच नाही. बिनसाखरेच्या कोऱ्या चहात कॅलरी जवळजवळ शून्य असतात, तरी माणूस जागा राहतो. मग होतं काय?

आपल्या पेशी काम करतात ते एटीपी नावाच्या रेणूवर, शाळेत वाचलंय सगळ्यांनी. एटीपी म्हणजे अ‍ॅडेनोसिनला जोडलेले तीन फॉस्फेट. ऊर्जा खर्च होते तसे फॉस्फेट सुटत जातात, एटीपीचं एडीपी, मग एएमपी, आणि शेवटी उरतं नुसतं अ‍ॅडेनोसिन. माणूस जितका जास्त वेळ जागा तितकं मेंदूत पेशींच्या बाहेर हे अ‍ॅडेनोसिन साठत जातं. ते जाऊन बसतं चेतापेशींवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागेवर, आणि तिथे बसलं की पेशीला निरोप जातो, आता दमलीस, हळू हो. आपल्याला पेंग येते ती बरीचशी यामुळे. झोपेत हा साठा उतरतो, म्हणून सकाळी डोकं हलकं.

आता कॅफीनचा रेणू बघा. त्यातलं प्युरीनचं कडं अ‍ॅडेनोसिनमधल्या कड्यासारखंच आहे, त्यामुळे तो त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतो. पण नुसता बसतो, निरोप काही देत नाही. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसंच, रुमालाला कुठे जायचं नसतं पण खरा प्रवासी उभाच राहतो. अ‍ॅडेनोसिन साठलेलंच असतं, थकवाही तिथेच असतो, फक्त त्याची बातमी मेंदूला लागत नाही.

मला यातला सगळ्यात आवडता भाग पुढचा आहे. हे रिसेप्टर चार प्रकारचे, त्यातले ए-१ आणि ए-२-ए आपल्या कामाचे. ए-१ पेशीच्या आत सायक्लिक एएमपी (निरोप पुढे नेणारा रेणू) कमी करतो आणि चेतापेशीतून रसायनं बाहेर पडायला ब्रेक लावतो, ए-२-ए उलट सायक्लिक एएमपी वाढवतो, आणि मेंदूतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात तो डोपामिनच्या, म्हणजे हुरूप देणाऱ्या रसायनाच्या, डी-२ रिसेप्टरला खेटूनच असतो, एकाचा जोर वाढला की दुसऱ्याचा घटतो, म्हणजे कॅफीनने ए-२-ए अडवला की डोपामिनचा निरोप जोरात पोचतो, हुरूप येतो तो इथून. २००५ साली उंदरांवर प्रयोग झाला, ज्या उंदरांत ए-२-ए रिसेप्टरच नव्हता त्यांना कॅफीन देऊनही त्यांची झोप उडाली नाही. एक रिसेप्टर काढला आणि कॅफीनचं जागवणंच गेलं! इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

रोज कॅफीन घेणाऱ्याचा मेंदूही गप्प बसत नाही, तो रिसेप्टर वाढवतो. म्हणून चहा चुकला की डोकं धरतं, रिकाम्या झालेल्या सगळ्या जागांवर अ‍ॅडेनोसिन एकदम बसतं आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात.

तर त्या कॅनमधल्या कशातच ए-२-ए अडवण्याची अशी सिद्ध झालेली ताकद नाही. आल्यातलं जिंजेरॉल तोंडातल्या उष्णतेच्या रिसेप्टरला चाळवतं, तो झणका खरा. साखर म्हणाल तर २०१९ मध्ये ३१ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात साखर खाल्ल्याने मूड सुधारल्याचं दिसलं नाही, उलट तासाभरात सावधपणा कमी झालेला दिसला. ब जीवनसत्त्वं शरीरात कमी असतील तरच जास्तीची उपयोगी पडतात. अश्वगंधेवर ताण आणि झोप यासाठी छोटे छोटे अभ्यास झालेत, म्हणजे ती रात्रपाळीत जागवणारी वनस्पती म्हणून नव्हेच. भाच्याची झोप उडाली असेल ती गारव्याने, आल्याने आणि एनर्जी ड्रिंक प्यायलो या विश्वासाने, आणि हा विश्वासही कमी नसतो, कॅफीन आहे असं सांगून डिकॅफ (कॅफीन काढून टाकलेली) कॉफी दिली तरी लोकांना तरतरी वाटते.

पण हर्बल म्हणजे निर्धोक, नैसर्गिक म्हणजे साइड इफेक्ट नाही, ही जी जाहिरात चालते तिचा मला मनापासून राग येतो. अहो, कॅफीन हेच शंभर टक्के हर्बल आहे! चहा-कॉफीची झाडं ते किड्यांपासून बचावासाठी बनवतात. ग्वाराना आणि येर्बा माते या दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींची नावं लेबलवर दिसली तर त्यातही कॅफीनच असतं, ग्वारानाच्या बियांत तर कॉफीच्या बियांपेक्षा जास्त. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, बीपीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत, थोड्या, पण आहेत.

आणि आपल्याकडे दुपारी जी गळून गेल्यासारखी अवस्था होते ती पुष्कळदा अ‍ॅडेनोसिनची नसतेच, घामावाटे पाणी आणि मीठ गेलेलं असतं. त्याला मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक हेच बरं, गोड कॅनमध्ये मीठ नावालाच असतं.

भाच्याला मी सांगितलंय की पाळीवर जायच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास झोप काढ, साठलेलं अ‍ॅडेनोसिन खरोखर उतरवायचा तेवढा एकच मार्ग आहे. चहा हवाच असेल तर पाळीच्या सुरुवातीला घे, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, आणि पहाटे चारला घेतलेला चहा सकाळी घरी येऊन आडवं झाल्यावर झोपू देत नाही.