विवाहानंतरचे अमेरिकी नागरिकत्व : तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा मार्ग

लग्नाच्या नात्याने ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, मिळालेल्या व्यक्तीसाठी अमेरिकी नागरिकत्वाच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक सर्वांसाठीची, पाच वर्षांच्या वास्तव्याची; दुसरी अमेरिकी नागरिकाच्या जोडीदारासाठीची, तीन वर्षांची. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमध्ये पहिली कलम ३१६ मध्ये आणि दुसरी कलम ३१९ मध्ये येते. नागरिकत्वासाठीच्या एन-४०० अर्जाच्या पहिल्याच भागात यांपैकी एका चौकटीत खूण करावी लागते, आणि पुढची सारी कागदपत्रे त्या खुणेप्रमाणे ठरतात.

लग्नामुळे कार्ड मिळाले म्हणजे तीन वर्षांचाच मार्ग घ्यायचा, असे अनेकांना वाटते. तसे नाही. कार्ड कशामुळे मिळाले याला इथे महत्त्व नाही. अर्ज भरण्याच्या दिवसापासून शपथेपर्यंत परिस्थिती काय आहे, ते पाहिले जाते. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरून नोकरीमार्फत कार्ड मिळालेली व्यक्ती अमेरिकी नागरिकाशी लग्न करून, अटी पुऱ्या होत असतील तर, तीन वर्षांची वाट धरू शकते. उलट लग्नातून कार्ड मिळालेली व्यक्ती पाच वर्षे थांबून सर्वसाधारण वाटेने गेली तरी कोणी अडवत नाही.

तीन वर्षांच्या वाटेत तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : कायम रहिवासी म्हणून तीन वर्षे, त्याच जोडीदाराबरोबर एकत्र संसाराची तीन वर्षे, आणि त्या जोडीदाराच्या नागरिकत्वाचीही तीन वर्षे. जोडीदाराला स्वतःलाच दीड वर्षापूर्वी नागरिकत्व मिळाले असेल, तर आपले कार्ड कितीही जुने असो, तीन वर्षांची मोजणी त्याच्या शपथविधीच्या दिवसापासून सुरू होते. याशिवाय तीन वर्षांत निदान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असावे लागते. पाच वर्षांच्या वाटेत हीच अट ३० महिन्यांची आहे. अर्जापूर्वीचे तीन महिने त्या राज्यात किंवा कार्यालयाच्या हद्दीत वास्तव्य, सद्वर्तन, इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा या अटी दोन्हीकडे सारख्याच. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांचा नवा संच आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो नव्वद दिवसांच्या सवलतीत. वास्तव्याची मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो, पण ही सवलत फक्त वास्तव्याच्या मुदतीला आहे. एकत्र संसाराच्या आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाच्या मुदतीला नाही. समजा, नाशिकच्या एका मुलीचे न्यू जर्सीतल्या अमेरिकी नागरिकाशी फेब्रुवारी २०२० मध्ये लग्न झाले. व्हिसा येईपर्यंत ती नाशिकलाच होती आणि १० मार्च २०२२ ला ती अमेरिकेत उतरली. कार्डावर ‘रेसिडंट सिन्स’ म्हणून तीच तारीख छापली आहे. लग्नाला पाच वर्षे होत आली असली, तरी दोघांचा एकत्र संसार सुरू झाला तो त्या दिवशी. नव्वद दिवस मागे मोजून १० डिसेंबर २०२४ ला तिने अर्ज टाकला तर तो मुदतीआधीचा ठरतो. तिने १० मार्च २०२५ ची वाट पाहायला हवी. हीच मुलगी पाच वर्षांच्या वाटेने गेली असती, तर संसाराचा प्रश्नच आला नसता आणि १० डिसेंबर २०२६ पासून अर्ज टाकता आला असता. फरक एक वर्ष नऊ महिन्यांचा.

तिला अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली होती, म्हणून थेट दहा वर्षांचे कार्ड मिळाले. तोवर दोन वर्षे झाली नसती तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळाले असते. ही सशर्त पद्धत १९८६ च्या कायद्याने आली. ते कार्ड संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ अर्ज भरून अट काढून घ्यावी लागते. सशर्त काळही नागरिकत्वाच्या मोजणीत पूर्ण धरला जातो. आय-७५१ चा निकाल लागायचा असला तरी एन-४०० भरता येतो, मात्र आधी आय-७५१ निकालात निघाल्याशिवाय नागरिकत्व मिळत नाही.

मराठी घरांतून आणखी एक अडचण वारंवार येते, ती भारतातल्या लांब मुक्कामाची. बाळंतपण किंवा सासू-सासऱ्यांचे आजारपण यासाठी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ भारतात राहिल्यास वास्तव्याची अखंडता तुटली असे गृहीत धरतात. ते खोडून काढायला घर, नोकरी, करविवरणे असे पुरावे द्यावे लागतात. वर्ष किंवा त्याहून जास्त झाले तर अखंडता तुटतेच. मग परतल्यावर तीन वर्षांच्या वाटेसाठी दोन वर्षे एक दिवस आणि पाच वर्षांच्या वाटेसाठी चार वर्षे एक दिवस पुन्हा भरून काढावे लागतात. तीन वर्षांच्या वाटेवर असा मुक्काम दुहेरी नडू शकतो, कारण नवरा-बायको वेगळे का राहिले हाही प्रश्न निघतो. कायदेशीर विभक्ती झाली की एकत्र संसार तुटलाच. नुसतेच वेगळे राहत असतील तर प्रकरणागणिक तपासतात.

या वाटेची खरी किंमत इथेच आहे. दोन वर्षे वाचतात, पण अर्ज शपथेच्या क्षणापर्यंत लग्नाला बांधलेला राहतो. शपथेपूर्वी घटस्फोट झाला किंवा नागरिक जोडीदार वारला, तर हा आधार उरत नाही. ग्रीन कार्ड त्यामुळे आपोआप जात नाही; पाच वर्षे भरली की दुसरी वाट मोकळी असते. मात्र १ एप्रिल २०२४ पासूनचे शुल्क, ऑनलाइन ७१० किंवा कागदी ७६० डॉलर, परत मिळत नाही. म्हणून पाच वर्षे भरलेली असतील तर तीन वर्षांची खूण करण्यात काहीच शहाणपण नाही. तीत जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, संयुक्त कर-विवरणे, भाडेकरार, सामाईक बँक खाते, मुलांचे जन्मदाखले असा सगळा संसार टेबलावर मांडावा लागतो. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडतात. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रियांनी माहेरच्या नावासकट पूर्वीची सगळी नावे अर्जात लिहावीत. पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरे नाव निघाले की मुलाखतीत वेळ त्यातच जातो.

मारहाण, छळ सोसलेल्या जोडीदारासाठी कायद्यात खास सोय आहे. अत्याचारी नागरिक जोडीदारामुळे ज्यांना निवासाचा हक्क मिळाला, त्यांना एकत्र संसाराची अट न घालता तीन वर्षांनी अर्ज करता येतो. नागरिकत्वाच्या आशेने कोणी असा संसार ओढत राहू नये, म्हणून ही सोय ठळकपणे माहीत असायला हवी. सैन्यातील सेवा आणि परदेशी नेमणुकीवरील नागरिकाचे जोडीदार यांच्यासाठीही वेगळी कलमे आहेत.

लग्न आणि नागरिकत्व यांची ही गाठ जुनी आहे. १८५५ च्या कायद्याने अमेरिकनाशी लग्न करणारी परदेशी स्त्री लग्नानेच नागरिक होई, आणि १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावी. २२ सप्टेंबर १९२२ च्या केबल कायद्याने हे बरेचसे बदलले, पण नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या माणसाशी लग्न करणारीचे नागरिकत्व तरीही जाई. १९२३ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय लोक अपात्र ठरले, त्यामुळे त्यांच्या अमेरिकन बायकांवरही ही आपत्ती आली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचे स्वतःचे नागरिकत्वही सरकारने काढून घेऊ पाहिले. त्यांनी लढून १९२६ मध्ये ते राखले. बायकांवरचा अन्याय १९३१ मध्ये दूर झाला आणि भारतीयांना नागरिकत्व घेण्याची मुभा १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने मिळाली.

कोणत्याही वाटेने शपथ घेतली, तरी भारतीय नागरिकत्व भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार संपते. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेता येते. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते.