पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारावर मोफत उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

वावरात एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाताना पोटरी भरून येणे, थोडा वेळ उभे राहिले की दुखणे ओसरणे आणि पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर ते परत सुरू होणे, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे ठळक लक्षण आहे. आपल्याकडे अशा दुखण्याला शीर आखडली असे म्हणून महिनोन्महिने मालिश केली जाते. दरम्यान आजार वाढून रात्री झोपेतही पाय ठणकू लागतो, माणूस खाटेखाली पाय लोंबकळत सोडून बसतो आणि अंगठ्याची जखम भरेनाशी होते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू ही प्रमुख कारणे आहेत. तरुण वयात सतत बिडी ओढणाऱ्यांमध्ये बर्जर नावाचा याच प्रकारचा आजार आढळतो आणि त्यात बिडी पूर्ण सोडल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही. खर्रा खाणाऱ्यांनीही स्वतःला यातून वगळू नये.

या आजारावरील अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करणे), बायपास शस्त्रक्रिया (अडथळ्याला वळसा देऊन रक्ताला नवी वाट करून देणे) किंवा धमनीतील गुठळी काढणे हे उपचार खर्चिक असून शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. राज्य शासनाची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तिच्याशी जोडलेली केंद्राची आयुष्मान भारत योजना यांतून ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत विनामूल्य होऊ शकतात. पोटरी दुखू लागते तेव्हाच कागदपत्रे जुळवून ठेवावीत, असा आमचा कळकळीचा आग्रह आहे, कारण बोट काळे पडल्यावर तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यात जाणारा प्रत्येक दिवस पायाच्या मुळावर येतो.

पात्रता

28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली आणि प्रति कुटुंब प्रति वर्ष 5 लाख रुपयांचे संरक्षण देण्यात आले. त्यामुळे पिवळी, केशरी, अंत्योदय किंवा अन्नपूर्णा शिधापत्रिका असणाऱ्यांबरोबरच शुभ्र शिधापत्रिकाधारकही पात्र ठरतात. शिधापत्रिका नसल्यास अधिवास प्रमाणपत्राच्या आधारे लाभ घेता येतो. 70 वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. धमन्यांचा आजार उतारवयात अधिक आढळत असल्याने घरातील वृद्धांचे हे कार्ड आशाताईंच्या मदतीने किंवा आपले सरकार सेवा केंद्रात आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

कागदपत्रे

मुख्य कागदपत्रे दोनच आहेत: शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र. ओळखपत्र म्हणून शक्यतो आधार कार्ड द्यावे, मात्र मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवानाही चालतो. अडचण बहुधा नावाची येते. शिधापत्रिकेवर 'शांताबाई' आणि आधारवर 'शांता' असे असेल, किंवा लग्न होऊन वीस वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्याच शिधापत्रिकेवर राहिले असेल, तर ऐन वेळी नोंदणी अडकते. सुनेच्या बाबतीत माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणून ते सासरच्या शिधापत्रिकेत चढवावे लागते आणि या कामाला तहसीलच्या पुरवठा शाखेत वेळ लागतो. म्हणून शिधापत्रिकेवरील प्रत्येकाचे नाव, वय आणि आधार जोडणी आजच तपासून घ्यावी.

याशिवाय वैद्यकीय कागद सांभाळावेत. ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी, साखरेचा व क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) अहवाल, डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणे) आणि सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून काढलेले धमन्यांचे चित्र) झाली असल्यास तिच्या अहवालासोबत सीडीही जपून ठेवावी. नुसता कागदी अहवाल पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे शल्यचिकित्सकांना अवघड जाते आणि तपासणी पुन्हा करण्याची वेळ येते.

प्रक्रिया

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतील बाजूची नाडी बोटांनी चाचपतात व घोट्याच्या रक्तदाबाची दंडाच्या रक्तदाबाशी तुलना करतात. हे गुणोत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आल्यास आजाराचे निदान होते. मात्र जुन्या मधुमेहात धमन्या कडक झाल्याने आकडा फसवा चांगला येऊ शकतो, त्यामुळे जखम भरत नसेल तर डॉपलरचा आग्रह धरावा. तेथून संदर्भचिठ्ठी घेऊन पुढे जावे.

कोणत्या रुग्णालयात जायचे, हे निघण्यापूर्वीच निश्चित करावे. रुग्णालय योजनेत असणे एवढ्याने भागत नाही, तर धमन्यांवरील उपचारासाठीही त्याची नोंद असावी लागते. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. 155388 किंवा 18002332200 या निःशुल्क क्रमांकांवर फोन करून, जिल्हा व आजार सांगून ही माहिती मिळवावी. मेळघाटातून किंवा सिरोंच्यातून दिवसभराचा प्रवास करून आलेल्या रुग्णाला दारातून परत फिरावे लागणे केवळ एका फोनने टळू शकते.

रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीचा कक्ष असतो. तो कागदपत्रे तपासून रुग्णाची ऑनलाइन नोंदणी करतो, त्यानंतर डॉक्टर उपचार ठरवतात आणि रुग्णालय अहवालांसह पूर्वमंजुरीची मागणी पाठवते. मंजुरी आल्यावर उपचार, औषधे, भोजन व घरी परतण्याचा प्रवासखर्च यांचा समावेश ठरलेल्या रकमेत होतो. घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही त्यात येतो. ही योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरून नंतर परत मागण्याची सोय तीत नाही, म्हणून कुणी अनामत मागितल्यास भरण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारावे आणि उत्तर न मिळाल्यास वरील क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

एका प्रसंगी मात्र हा क्रम पाळत बसू नये. पाय अचानक थंड व पांढरा पडला, बधिर झाला, हलवता येईना, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते आणि साधारण 6 तासांत रक्तपुरवठा सुरू न झाल्यास पाय वाचवणे कठीण होते. लगेच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाय शेकू नये व चोळू नये. अशा वेळी रुग्णालय दूरध्वनीवरून तातडीची मंजुरी घेऊ शकते आणि कागदपत्रे मागाहून दिली तरी चालतात, हे नातेवाइकांनी ठामपणे सांगावे.

योजनेत न बसल्यास

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला येथे उपयोगी पडतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा वार्षिक 1,80,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर आणखी 10 टक्के खाटा 3,60,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे शिधापत्रिका व दाखला देऊन अर्ज करावा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी याच कागदांसोबत रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक लागते.

पाय कापावा लागलेल्या रुग्णांनी जखम भरल्यावर दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास शासकीय सवलतींसाठी अर्ज करता येतो. बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकाळच्या गोळ्यांचा खर्च आरोग्य योजनेत येत नाही. ॲस्पिरिन व कोलेस्टेरॉलची औषधे शासकीय रुग्णालयातून किंवा जनऔषधी केंद्रातून घ्यावीत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नयेत.