भूकंपीय परावर्तन सर्वेक्षण : खनिजशोधातील वापर

जमिनीवर कृत्रिम कंपने निर्माण करून, खोलवरच्या खडकांच्या सीमांवरून परत येणाऱ्या तरंगांच्या आधारे भूगर्भाची रचना जाणून घेण्याची भूभौतिक पद्धत. तेल आणि नैसर्गिक वायूच्या शोधात ती जुनी आहे. जॉन क्लॅरेन्स कार्चर यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमात तिचे आरंभीचे प्रयोग केले. सोने, तांबे, निकेल, जस्त यांच्या शोधात मात्र ती १९८० च्या दशकापासून रुजू लागली. उथळ साठे संपत आले की शोध खाली सरकतो, आणि तिथे चुंबकीय किंवा विद्युतचुंबकीय मापनांतील तपशील झपाट्याने पुसट होत जातो. परावर्तन पद्धत तीन-चार किलोमीटर खोलीवरचीही रचना बरीच स्पष्ट दाखवू शकते.

ट्रकवर बसवलेले कंपक यंत्र आपली जड पाटी जमिनीला टेकवून काही सेकंद कंपने सोडते; त्यांची वारंवारता साधारण १० पासून १०० हर्ट्झपर्यंत चढत नेतात. ट्रक जाऊ शकत नाही तिथे उथळ छिद्रांत छोटे सुरुंग उडवतात. ओळीने रोवलेले जिओफोन परतलेली कंपने टिपतात. कठीण खडकात तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ६ किमी असतो, म्हणजे ३ किमी खोल जाऊन परत यायला त्यांना एक सेकंद पुरतो.

सीमेवरून किती ऊर्जा परतेल हे दोन्ही बाजूंच्या खडकांतील तरंगवेग व घनता यांच्या गुणाकारांतील फरकावर ठरते. ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) यांच्यात हा फरक इतका थोडा असतो की परावर्तन गोंगाटात हरवते. भरीव सल्फाइड धातुकाचे, म्हणजे धातू व गंधकाच्या संयुगांच्या घट्ट साठ्याचे, तसे नाही. पायराइट या लोह-सल्फाइडची घनता दर घन सेंमी.ला सुमारे ५ ग्रॅम आणि तरंगवेग सेकंदाला ८ किमी; हा गुणाकार भोवतालच्या खडकाच्या दुपटीहून अधिक भरतो. तरीही आकाराची अडचण उरते. ६० हर्ट्झच्या तरंगाची लांबी अशा खडकात १०० मीटर होते, त्यामुळे लहान साठा सलग परावर्तन न देता तरंग चहूकडे विखुरतो. त्यातच स्तर तीव्र उताराचे, घड्या पडलेले आणि विभंगांनी (खडक सरकलेल्या भेगांनी) तुटलेले असतात. गाळाच्या आडव्या थरांसाठी घडलेली गणिती प्रक्रिया तिथे जशीच्या तशी वापरली, तर फसवे चित्र मिळते. म्हणून सर्वेक्षणाआधी वेधनातून (जमिनीत खोल छिद्र पाडून) निघालेल्या खडकनमुन्यांची घनता आणि वेग मोजणे अत्यावश्यक आहे. हा खर्च वाचवणे महागात पडते.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील विटवाटर्सरँड खोरे हे आहे. तिथले सोने ज्या गोटेदार थरांत आहे त्यांना ‘रीफ’ म्हणतात. त्यांची जाडी अनेकदा एक-दोन मीटरच असते, म्हणजे कंपनांना ते स्वतंत्रपणे दिसणे अशक्य. पण व्हेंटर्सडॉर्प कॉन्टॅक्ट रीफ नेमका दोन अगदी वेगळ्या खडकांच्या सीमेवर आहे. वर सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे जाड थर, खाली क्वार्टझाइट (वाळूच्या खडकापासून बनलेला कठीण खडक). लाव्हा अधिक घन आणि त्यातील तरंगवेग अधिक, त्यामुळे सीमा ठळक उमटते आणि तिच्यावरून रीफची जागा कळते. सोने न दिसताही सोन्याचा पत्ता लागतो, हे या पद्धतीचे खरे बळ. पुढे त्रिमितीय सर्वेक्षणांनी रीफ तोडणारे विभंग नकाशावर आणले. विभंगावर खडक काही दहा मीटर सरकलेला असला, तरी खाणीत पुढचा थर अचानक नाहीसा होतो. शिवाय खाणकामामुळे याच विभंगांवर हादरे बसण्याचा धोका असतो. तीन किलोमीटरांहून खोल काम करणाऱ्या माणसांच्या जिवाशी या नकाशाचा थेट संबंध आहे, म्हणून शोधाइतकाच सुरक्षिततेसाठीचा त्याचा उपयोगही मोलाचा मानला पाहिजे.

साठा थेट सापडल्याची उदाहरणे कमी आहेत. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील हाफमाइल लेक येथे १९९० च्या दशकातील त्रिमितीय सर्वेक्षणात सुमारे १२०० मीटर खोलीवर एक वेगळा प्रतिसाद आढळला आणि वेधनात तिथे भरीव सल्फाइड निघाले.

भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात कावली ते उडुपी आणि कोयना परिसरात खोल भूकंपीय मापने केली, तर १९९० च्या दशकात राजस्थानात नागौर ते झालावाड असा परावर्तन छेद घेतला. उद्देश भूकवचाची रचना समजण्याचा होता. पण दुसरा छेद ज्या अरवली पट्ट्यातून जातो, तो जस्त व शिशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात दख्खनच्या बेसॉल्टखाली काय आहे हे पाहणे अवघड जाते. घट्ट लाव्हा, सच्छिद्र लाव्हा आणि मधले तांबड्या मातीचे थर आलटून पालटून येत असल्याने बरीच ऊर्जा वरच विखुरते, आणि खालून येणारा क्षीण प्रतिसाद वेगळा काढण्यासाठी जिओफोनमधील अंतर, कंपनांची वारंवारता आणि प्रक्रिया या तिन्हींची आखणी बेसॉल्टचा विचार करूनच करावी लागते.